मज्जेचे पहिले दोन मिलिलिटर

भारतात तयार झालेल्या पहिल्या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच टी पेशी बदलून कर्करोगावर सोडतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत त्याचं लोकार्पण झालं. बातमी खरी आणि अभिमानाचीही. पण व्हॉट्सॲपवर फिरता फिरता तिचं 'रक्ताच्या कर्करोगावर देशी इलाज' एवढंच उरलं, आणि मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, झालेल्यांच्या घरी 'मग तिथेच जाऊया ना' सुरू झालं. गोम अशी की तो उपचार बी-पेशींवरच्या सीडी१९ या खुणेवर नेम धरतो. मायलोमाच्या पेशी त्याच कुळातल्या खऱ्या, पण वाढून प्लाझ्मा पेशी होईपर्यंत बहुतेकींनी ती खूण टाकून दिलेली असते. मायलोमासाठीच्या कार-टी पेशी बीसीएमए नावाच्या दुसऱ्या खुणेवर नेम धरतात. औषध वेगळं, मंजुरी वेगळी. बातमीतलं यंत्र किंवा औषध बघून उपचारकेंद्र निवडलं की असा पत्ता चुकतो.

मग बघायचं काय? लॉबीतला संगमरवर नव्हे, रोबोट नव्हे. मज्जेची तपासणी कशी होते ते बघायचं.

प्लाझ्मा पेशी म्हणजे अस्थिमज्जेत राहणारे प्रतिपिंडांचे कारखाने. निरोगी माणसात असे असंख्य कारखाने असतात आणि प्रत्येकाचा माल निराळा. मायलोमात एकाच पेशीची पिलावळ माजते आणि एकाच साच्यातलं प्रथिन रक्तात ओतत राहते. रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहाने वेगळी करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखावर गॅमा भागात एरवी बसकी टेकडी दिसते, तिथे सुळका उभा राहतो. हाच एम-बँड. (ही तपासणी सीरमवर करायची. प्लाझ्मावर केली तर फायब्रिनोजेनची रेघ बीटा आणि गॅमाच्या मध्ये उमटते आणि नसलेला सुळका दिसतो.) या आजाराने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडं बिघडतात, हिमोग्लोबिन उतरतं, हाडांना भोकं पडतात. कंबरदुखीवर महिनोन् महिने डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं घेत राहिलेला आणि मग क्रिएटिनिन वाढलं म्हणून धावपळ झालेला रुग्ण प्रत्येक रक्तविकारतज्ज्ञाच्या ओळखीचा असतो. प्रतिपिंडाचे सुटे तुकडे, म्हणजे लाइट चेन, मूत्रपिंडाच्या नलिकांत तिथल्या प्रथिनाशी चिकटून गठ्ठे बनवतात, आणि वेदनाशामक गोळी तिथला रक्तपुरवठा कमी करून त्यात भर घालते. लघवीची साधी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, लाइट चेन तिच्या नजरेतून सुटतात. पट्टीवर 'प्रोटीन निल' आलं म्हणून मूत्रपिंड सुरक्षित आहे असं समजू नये. पाठ धरली म्हणून हाडवैद्याकडून मणके दाबून घेणं तर उघड आत्मघात. पोखरलेला मणका तेवढ्याने खचतो.

आता मुद्द्याचं. निदान झाल्यावर सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न असतो हा मायलोमा सौम्य प्रवृत्तीचा आहे की आडदांड, आणि त्याचं उत्तर पेशीच्या गुणसूत्रांत असतं. १७व्या गुणसूत्राच्या आखूड हाताचा तुकडा गळाला असेल तर टीपी५३ हा पहारेकरी जनुक त्याच्यासोबत जातो. ४ आणि १४ किंवा १४ आणि १६ या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली असेल, १ क्रमांकाच्या लांब हाताच्या जादा प्रती असतील, तरी जोखीम वाढते. हे बघण्याच्या तपासणीला फिश म्हणतात. गोव्यात फिश म्हटलं की डोळ्यांपुढे इसवण मासा येतो, त्याला इलाज नाही; हे फ्लोरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशनचं लघुरूप. डीएनएच्या नेमक्या जागी जाऊन चिकटणारा चमकता तुकडा पेशीत सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजायचे. टीपी५३ साठी लाल आणि त्याच गुणसूत्राच्या मध्यासाठी हिरवा ठिपका घेतला, तर निरोगी पेशीत दोन लाल, दोन हिरवे दिसतात. एक लाल, दोन हिरवे दिसले की तुकडा गळालेला.

ऐकायला सोपं आहे, पण घोळ दोन ठिकाणी होतो.

पहिला सुईच्या टोकाशी. कमरेच्या हाडातून मज्जा ओढताना पहिल्या एक-दोन मिलिलिटरमध्ये मज्जेचे कण भरपूर असतात. पुढे ओढत राहिलं की मज्जेऐवजी आजूबाजूचं रक्त येऊ लागतं आणि नमुना पातळ होतो. प्लाझ्मा पेशी मज्जेच्या जाळ्याला घट्ट धरून बसणाऱ्या, शिवाय सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. म्हणून हाडाच्या तुकड्यात, म्हणजे बायोप्सीत, ४० टक्के प्लाझ्मा पेशी आणि त्याच वेळी ओढलेल्या द्रवात जेमतेम ६ टक्के असा विसंवाद नेहमीचा आहे. निदानासाठी यातला मोठा आकडा धरतात. पण फिश होते ती द्रवावर. चांगला हात असलेला डॉक्टर पहिल्या अर्ध्या मिलिलिटरच्या काचा बनवतो, लगेच पुढचा भाग नळ्यांत घालतो, आणि आणखी हवं असेल तर त्याच भोकातून सुईचा कोन बदलून पुन्हा नवा 'पहिला' ओढतो. एकाच जागेवरून दहा मिलिलिटर खेचून पाच नळ्या भरल्या की शेवटच्या दोन जवळजवळ रक्ताच्याच असतात.

दुसरा घोळ प्रयोगशाळेत. समजा पातळ नमुन्यात ६ टक्के प्लाझ्मा पेशी आहेत आणि तंत्रज्ञाने न निवडता २०० पेशी मोजल्या. त्यांत प्लाझ्मा पेशी १२. त्यांतल्या निम्म्यांत १७वा तुकडा गळालेला असला तर ६ पेशी, म्हणजे ३ टक्के. आता मेख अशी की निरोगी माणसाच्या पेशी मोजल्या तरी शंभरात काहींमध्ये एकच लाल ठिपका दिसतो, कारण दोन ठिपके एकमेकांमागे लपतात. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळा एक किमान रेषा आखते आणि तिच्याखालचं सगळं 'निगेटिव्ह' लिहिते. आपले ३ टक्के त्या रेषेखाली गेले. रिपोर्ट छापून आला, सही-शिक्का झाला, घरच्यांनी देवाला नारळ दिला. आणि धोकादायक गुणसूत्र तिथेच आहे.

उपाय म्हणजे मोजण्याआधी प्लाझ्मा पेशी वेगळ्या काढणं. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी१३८ नावाची खूण असते. तिला चिकटणारी प्रतिपिंडं लोहाच्या ऑक्साइडच्या, साधारण ५० नॅनोमीटरच्या कणांना जोडतात आणि नमुन्यात मिसळतात. मग तो द्रव चुंबकात धरलेल्या एका बारीक नळीतून सोडतात. लोह चिकटलेल्या पेशी नळीत अडकतात, बाकीच्या वाहून जातात. चुंबक काढला की अडकलेल्या पेशी धुऊन घ्यायच्या. (गोव्यासारख्या लोहखनिजाच्या राज्यात याचं कौतुक जास्त व्हायला हवं.) आता मोजलेल्या २०० पैकी १८० प्लाझ्मा पेशी असतील तर गळालेल्या तुकड्याच्या ९० निघतात. ३ टक्क्यांचे ४५ टक्के झाले, आणि पेशी मात्र त्याच. काही प्रयोगशाळा चुंबकाऐवजी पेशीतल्या लाइट चेनला रंग देऊन फक्त रंगलेल्या पेशींतले ठिपके मोजतात, तेही चालतं. काहीच न करता मोजलेली फिश मात्र मायलोमासाठी जवळपास निरुपयोगी. नुसतं कॅरिओटायपिंग, म्हणजे विभागणाऱ्या पेशींतली गुणसूत्रं बघणं, तर त्याहून दुबळं, कारण प्लाझ्मा पेशी प्रयोगशाळेत सहसा विभागत नाहीत आणि नॉर्मल दिसतात ती शेजारच्या निरोगी पेशींची गुणसूत्रं.

तेव्हा केंद्र निवडताना पहिला प्रश्न हाच: 'फिश सीडी१३८ ने पेशी निवडून होते का, आणि रिपोर्टवर तसं लिहिता का?' गोंधळलेला चेहरा दिसला तर पुढचे प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. गोव्यातून नमुना मुंबई-पुण्याला कुरियरने जाणार असेल तर वाराकडे लक्ष द्या. सीडी१३८ ही खूण साठवलेल्या नमुन्यातल्या पेशींवरून हळूहळू गळून पडते आणि प्लाझ्मा पेशी मरतातही लवकर. फिशची हिरव्या झाकणाची हेपरिन नळी आणि फ्लो सायटोमेट्रीची (पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या तपासणीची) जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी २४ तासांत, फार तर ४८ तासांत पोचायला हवी, गोठवायची नाही. शनिवारी दुपारी काढलेली मज्जा म्हणजे सोमवारपर्यंत कुरियरच्या गोदामात पडून राहिलेली मज्जा. चवथीच्या सुट्टीत तर विचारायलाच नको. सोमवार ते बुधवार उत्तम.

देवळात कौल लावणाऱ्यांशी भांडण नाही. पण उजवा कौल आला म्हणून १७वं गुणसूत्र जुळून येत नाही, तेव्हा कौल फार तर तारखेपुरता घ्यावा, आणि तोही सोमवार ते बुधवार यांतला.

आता अनुभवाचा प्रश्न. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अमेरिकेतली राष्ट्रीय कर्करोग नोंद तपासली तेव्हा वर्षाला साधारण दहाहून जास्त नवे मायलोमा रुग्ण बघणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचा धोका कमी दिसला. दहा हा आकडा फार मोठा नाही. म्हणून 'तुमच्याकडे कर्करोगाचे रुग्ण किती' असं न विचारता 'वर्षाला मायलोमाचे किती, आणि त्यांची ऑटोलोगस ट्रान्सप्लांट (रुग्णाच्याच मूळ पेशी काढून परत देणं) किती' असं विचारा.

सगळे उपचार एकाच ठिकाणी हवेत हा आग्रह मात्र सोडायला हरकत नाही. बोर्टेझोमिब हे मायलोमाचं औषध आठवड्यातून एकदा पोटावर किंवा मांडीवर त्वचेखाली टोचतात आणि सगळं मिळून मिनिटाचं काम असतं. त्यासाठी दर आठवड्याला मुंबई गाठणं वेडेपणाचं आहे. केंद्राने योजना लिहून द्यावी आणि इंजेक्शन बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा घराजवळच्या कर्करोगतज्ज्ञाकडे घ्यावं. इथे एक बारकावा आहे. ३.५ मिलिग्रॅमची कुपी त्वचेखाली द्यायची तर १.४ मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळतात, शिरेतून द्यायची तर ३.५ मिलिलिटरमध्ये. आकड्यांची गल्लत झाली तर डोस अडीचपट चुकतो. २०११ मधल्या तुलनात्मक चाचणीत शिरेतून घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना आणि त्वचेखाली घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना गंभीर स्वरूपाचा मज्जातंतूदाह झाला. आजही सवयीने शिरेतून देणारं केंद्र असेल तर कारण विचारावं. सोबत नागिणीपासून बचावासाठी असायक्लोव्हिर, आणि हाडं जपणारं झोलेड्रोनिक ॲसिड सुरू होण्याआधी दाताच्या डॉक्टरची तपासणी, या दोन गोष्टी न विचारता चिठ्ठीवर आल्या तर केंद्र जागं आहे असं समजावं. ग्रीन टीच्या गोळ्या, व्हिटॅमिन सीचे मोठे डोस बंद करा. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत या दोन्ही गोष्टी बोर्टेझोमिबची धार बोथट करताना दिसल्या आहेत.

ट्रान्सप्लांट केंद्राची पहिली भेट उपचाराच्या सुरुवातीलाच घ्यायची, सगळं थकल्यावर नाही. लेनालिडोमाइड हे मायलोमाचं दुसरं औषध बरेच महिने चाललं की मूळ पेशी रक्तात उतरायला कुरकुरतात. म्हणून उपचाराच्या चारेक चक्रांनंतर त्या गोळा करतात. वजनाच्या दर किलोमागे किमान २० लाख मूळ पेशी (सीडी३४ ही त्यांची खूण) लागतात, ४० ते ५० लाख असल्या तर निश्चिंती. मग मेल्फॅलन ही जोरदार केमोथेरपी, शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर २०० मिलिग्रॅम, मूत्रपिंड अधू असेल तर १४०. औषध चढत असताना तोंडात बर्फ चघळायला देतात, त्याने तोंड येणं कमी होतं. मग गोळा केलेल्या पेशी परत चढवतात. त्यानंतर साधारण दोन-तीन आठवडे रुग्णालयात. टाटा मेमोरियलचा हा विभाग परळला नसून खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात आहे. मडगाव किंवा थिवीहून गाडी धरणाऱ्यांनी सीएसएमटीपर्यंत न जाता पनवेलला उतरावं. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि एसी थ्री-टियरचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत; रुग्णालयाच्या सहीचा ठरावीक नमुन्यातला दाखला आधी घ्यावा लागतो. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कवच आहे. आपल्याला लागणारा उपचार त्यात बसतो का, हे दाखल होण्याआधी विचारा.

डॅराट्युमुमॅब हे मायलोमावरचं प्रतिपिंड-औषध द्यायचं ठरलं असेल तर पहिल्या डोसआधी रक्तगटाची सविस्तर तपासणी झालीच पाहिजे. हे औषध सीडी३८ या खुणेला धरतं, ती खूण थोडीशी तांबड्या पेशींवरही असते, आणि मग रक्तपेढीतली क्रॉसमॅच, म्हणजे रक्त जुळतं का ही तपासणी, प्रत्येक पिशवीशी विसंगत दाखवू लागते. शेवटच्या डोसनंतरही काही महिने हा घोळ राहतो. तेव्हा औषधाचं नाव आणि आधीच्या रक्तगट तपासणीचा निकाल लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा. रात्री दोन वाजता म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात रक्त चढवायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरला मुंबईचा फोन लागेलच असं नाही.