विरोधक सत्तेत गेले की मराठवाड्यात काय होतं

अजित पवारांनी 2 जुलै 2023 ला उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्यासोबत परळीचे धनंजय मुंडे आणि उदगीरचे संजय बनसोडे हेही मंत्री झाले. अजितदादा तोवर विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. धनंजय मुंडेंनी 2014 ते 2019 विधान परिषदेत हेच पद सांभाळलेलं. मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांवर निष्ठा आणि गद्दारीचा काथ्याकूट चालू असताना मराठवाड्यात मात्र पहिला सवाल नेहमीचाच होता: आता निधी येणार का? या सवालामागे बरीच वर्षं आहेत.

सुरुवात 1978 पासून करावी लागते. त्या विधानसभेत जनता पक्षाला 99, रेड्डी काँग्रेसला (इंदिरा गांधींपासून फुटलेला ब्रह्मानंद रेड्डींचा गट) 69 आणि इंदिरा काँग्रेसला 62 जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेस एकत्र येऊन वसंतदादा पाटलांचं सरकार बनलं. शरद पवार त्यातून बाहेर पडले आणि निवडणुकीत ज्यांच्याशी लढले त्या जनता पक्षाला सोबत घेऊन 18 जुलैला पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे, मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर’ हा आरोप तेव्हापासूनचा. या मंत्रिमंडळात नांदेडचे शंकरराव चव्हाणही गेले. आधी मुख्यमंत्री राहिलेला माणूस आपल्याहून कितीतरी कनिष्ठ नेत्याच्या हाताखाली मंत्री झाला, याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं. पण 1977 मध्ये शंकररावांची खुर्ची वसंतदादांकडेच गेली होती. काही हिशेब तत्त्वाच्या वहीत लिहिलेले नसतात.

पुलोदमध्ये समाजवादी, जनसंघाचे जुने लोक, शेकाप असे सगळेच होते. सरकार आल्यावर नऊच दिवसांनी, 27 जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत एकमताने झाला. सभागृहात विरोध नव्हता, तो रस्त्यावर उतरला. खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जळाल्या. त्यानंतर ठरावाची अंमलबजावणी रखडली ती 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंत, म्हणजे ‘मराठवाडा’ ठेवून त्याला आंबेडकरांचं नाव जोडलं जाईपर्यंत. एकमताचा ठराव चुकीचा होता असं अजिबात नाही. पण गावपातळीवर तो पटवून द्यायला त्या एकमतातला कुठला पक्ष किती उतरला, हा प्रश्न उरतोच.

दुसरा मोठा टप्पा मराठवाड्यातच घडला, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच. डिसेंबर 1986 मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, राजीव गांधींच्या उपस्थितीत शरद पवार आपला पक्ष घेऊन काँग्रेसमध्ये परतले. तेही तोवर विधानसभेतले विरोधी पक्षनेतेच होते. मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. जून 1988 मध्ये शंकरराव दिल्लीला गेले आणि खुर्ची पवारांकडे आली. गाजली ती ही अदलाबदल. तिच्या आडून जे घडलं ते जास्त टिकलं. काँग्रेसवर नाराज असलेला, आठ वर्षं पवारांच्या मागे हिंडलेला ग्रामीण तरुण एका सभेत पोरका झाला. शिवसेना तोवर मुंबई-ठाण्याची. 1988 मध्ये औरंगाबाद महापालिकेच्या पहिल्याच निवडणुकीत ती सर्वांत मोठा पक्ष ठरली आणि 1989 मध्ये तिच्या पाठिंब्यावर मोरेश्वर सावे खासदार झाले. सेनेच्या वाढीला धार्मिक तणाव, नामांतराचा वाद अशी इतरही कारणं होती. पण मैदान मोकळं पवारांनीच करून दिलं.

पुढचं झटपट सांगता येईल. सोनिया गांधींच्या मुद्द्यावर जून 1999 मध्ये राष्ट्रवादी वेगळी निघाली, काँग्रेसविरुद्ध लढली आणि ऑक्टोबरात लातूरच्या विलासराव देशमुखांच्या सरकारात सामील झाली. नारायण राणे 2005 मध्ये विरोधी पक्षनेतेपदावरून काँग्रेसमध्ये आणि मंत्रिमंडळात गेले. 2014 मध्ये एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले आणि महिना व्हायच्या आत फडणवीसांचे मंत्री. 2019 मध्ये राधाकृष्ण विखे पाटील. हे पद म्हणजे सत्तेचं प्रतीक्षालय झालंय, असं कुणी म्हटलं तर खोडणं अवघड आहे. 1985 चा पक्षांतरबंदी कायदाही इथे कामाचा नाही: तो एकट्या आमदाराला धरतो, पण अख्ख्या पक्षानेच प्रतिस्पर्ध्याशी घरोबा केला तर त्याला बोलता येत नाही.

सत्तेबाहेर राहून काम करून घेण्याची परंपरा मराठवाड्यात नव्हती असं नाही. 1974 चं विकास आंदोलन, गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद, रुंदमापी रेल्वेची मागणी, वैधानिक विकास मंडळाचा (विभागाला विकासनिधीचा न्याय्य वाटा मिळावा म्हणून नेमायचं मंडळ) लढा, हे सगळं मंत्रिपदाशिवाय चाललं. 1994 मध्ये मंडळ मिळालं. 2020 मध्ये त्याची मुदत संपली, तेव्हा रस्त्यावर फारसं कुणी दिसलं नाही.

2023 मध्येही मोकळं मैदान फार दिवस मोकळं राहिलं नाही. शपथविधीला दोन महिने व्हायच्या आत, 29 ऑगस्टला, जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे उपोषणाला बसले. 1 सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला. मराठा आरक्षणाची मागणी जुनीच, पण या वेळी राग पेलायला कुठला पक्ष पुढे नव्हता. 2024 च्या लोकसभेत महायुतीला मराठवाड्यातल्या आठपैकी एकच जागा मिळाली. बीडला धनंजय मुंडे चुलत बहीण पंकजांसाठी राबले, तरी त्या पडल्या. पाच वर्षांपूर्वी परळीत त्यांना हरवलं होतं ते धनंजय यांनीच.

शंकररावांचे पुत्र अशोक चव्हाण फेब्रुवारी 2024 मध्ये भाजपमध्ये गेले. त्यांच्या नांदेडचा निकाल सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारा. 20 नोव्हेंबरला एकाच दिवशी विधानसभा आणि लोकसभेची पोटनिवडणूक झाली. त्या मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीने जिंकल्या, लोकसभा मात्र काँग्रेसने थोडक्यात राखली. आमदार सत्तेतला, खासदार विरोधातला.

त्या विधानसभेत ठाकरेंच्या शिवसेनेला 20, काँग्रेसला 16 आणि शरद पवारांच्या पक्षाला 10 जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेतेपदासाठी संकेत मानल्या जाणाऱ्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे 29 पर्यंत, कुणीच पोचलं नाही. विधान परिषदेत ते पद संभाजीनगरच्या अंबादास दानवेंकडे होतं. ऑगस्ट 2025 मध्ये त्यांची मुदत संपली आणि दोन्ही सभागृहांत ती खुर्ची रिकामी झाली.