शील्डचे अर्थिंग: एका टोकाला की दोन्ही?

पॉवर आणि सिग्नल केबल एकाच ट्रेमध्ये टाकू नयेत, आडवे जावेच लागले तर काटकोनात जावे, यावर फारसा वाद नाही. वाद शील्डवर, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवायला केबलभोवती घातलेल्या धातूच्या आवरणावर आहे आणि तो जुन्या सवयीतून आला आहे.

गोंगाटाचा मूळ त्रास टेलिफोनचा. सुरुवातीच्या लाइनी एकेरी तारेच्या होत्या, परतीचा मार्ग जमिनीतून. विजेच्या ट्रामचा प्रवाहही जमिनीतून परतू लागला आणि रिसीव्हरमध्ये घरघर आली. मग दुसरी तार आली. तारा पिळून जोडी करण्याचे पेटंट 1881 चे. पिळलेल्या जोडीत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि रिसीव्हर फक्त त्यांच्यातला फरक वाचतो.

कारखान्यांत मोजमाप कळवणारे 4-20 मिलिअँपिअरचे सिग्नल आणि थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) आले, तेव्हा शील्ड फक्त पॅनेलकडे अर्थ करायची, फील्डकडचे, म्हणजे सेन्सरकडचे टोक कापून टेप लावायची पद्धत रूढ झाली. कारण रास्त होते. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये एखाद्या व्होल्टचा फरक असला तरी शील्डमधून 50 हर्ट्झचा प्रवाह फिरतो. के टाइप थर्मोकपल अंशाला जेमतेम 41 मायक्रोव्होल्ट देते. तिथे एवढा गोंगाट परवडत नाही.

पुढे आयजीबीटी या वेगाने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरवर चालणारे, मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह आले आणि गणित बदलले. त्यांचे स्विचिंग काही किलोहर्ट्झचे, पण व्होल्टेज इतक्या झटक्यात चढते की गोंगाट मेगाहर्ट्झपर्यंत पोचतो. तिथे मोकळ्या टोकाची शील्ड स्वतःच अँटेना होते. म्हणून ड्राइव्हच्या मोटर केबलची शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करतात, तीही क्लॅम्पने, पूर्ण घेरातून. शील्डची 5 सेंमी शेपटी काढून टर्मिनलला जोडली, तर तिचे इंडक्टन्स साधारण 50 नॅनोहेन्री होते. 10 मेगाहर्ट्झला हा 3 ओहमचा अडथळा झाला. शील्ड जोडलेली दिसते, पण निम्मे काम करते.

तरीही ‘शील्ड एकाच टोकाला अर्थ करा’ ही ड्रॉइंगवरची टीप अनेक ठिकाणी तशीच राहिली आणि ड्राइव्हच्या केबलनाही सरसकट लागू झाली. माझ्या मते सर्वाधिक नुकसान याच टीपेने केले. अर्थमधल्या फरकाची भीती असेल तर जाड बाँडिंग वायर समांतर ओढावी, किंवा दुसरे टोक कपॅसिटरमधून अर्थ करावे; तो 50 हर्ट्झ अडवतो, मेगाहर्ट्झ जाऊ देतो.

1990 मध्ये पिळलेल्या जोडीवर 10 मेगाबिटचे इथरनेट आले, तेव्हा शील्ड गाळूनच टाकली. दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असल्याने तिथे ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन अर्थमधून फिरणाऱ्या प्रवाहाचा मार्गच तुटला.