सोडतीने नागरिक-निवड (सार्वजनिक नियोजन)

रस्ता, पाणीयोजना किंवा शहर आराखडा ठरवताना मतदारयादीतून सोडत काढून सामान्य माणसे निवडायची, त्यांना माहिती, वेळ आणि भत्ता द्यायचा व त्यांची शिफारस लेखी घ्यायची, अशी ही पद्धत. तमिळनाडूतील उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेखात असाच नियम कोरलेला आहे : ग्रामसभेच्या समित्यांसाठी ताडपत्रांवर नावे लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हातून काढायची. मात्र जमीन व वेदाध्ययनाच्या अटींमुळे त्या घड्यात सगळ्या गावाची नावे पडत नसत.

आधुनिक रूप जर्मनीत पीटर डीनेल यांनी १९७० च्या दशकात घडवले. सुमारे २५ जण साधारण चार दिवस बसतात, दोन्ही बाजूंच्या जाणकारांचे म्हणणे ऐकतात आणि पाच-पाचांच्या गटांत चर्चा करतात. गट सतत बदलत राहतात, त्यामुळे एखाद्याच दांडग्या आवाजाचे चालत नाही. कर्नाटकात २००० साली चित्रदुर्ग येथे शेतकऱ्यांच्या पंचमंडळाने जनुकीय बदल केलेल्या पिकांवर कौल दिला होता.

बेळगाव सीमाभागात अशा सोडतीची कायदेशीर तरतूद नाही. कर्नाटकाच्या १९६१ च्या नियोजन कायद्यानुसार आराखडा प्रसिद्ध होतो आणि मुदतीत हरकती मागवतात. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमीन जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना आंदोलन आणि कोर्टकचेरी करावी लागली. भूसंपादनाची नोटीस उताऱ्यावरच्या नावाला येते. त्या उताऱ्यावर नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे नाव असते. रोज भांगलणीला जाणारी बाई आणि वाट्याने कसणारा गडी कागदावर कुठेच नसतात. मतदारयादीत मात्र दोघेही असतात. सोडतीचे खरे मोल इथे आहे.

केवळ २५ चिठ्ठ्यांत एखादी भाषा किंवा गाव सुटू शकते, म्हणून तालुका, वय, स्त्री-पुरुष आणि भाषा यांचे प्रमाण आधी बांधून घ्यावे लागते. कागदपत्रे मराठी व कन्नड दोन्हींत हवीत. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे केंद्राचे धोरण आहेच. बुडलेली मजुरीही भरून द्यायला हवी. नाहीतर निवृत्त आणि सुखवस्तू तेवढेच बसतील.

शिफारस सहसा बंधनकारक नसते. त्याहून मोठी अडचण प्रश्नाची. ‘बायपास कोठून न्यायचा’ एवढेच विचारले, तर ‘बायपास हवाच का’ हे बोलायची जागा उरत नाही. म्हणून प्रश्न ठरवण्यातही निवडलेल्यांचा हात असायला हवा.