इंग्लंडमधील मूरवरील ओस शेतघरे

इंग्लंडच्या उत्तरेला पेनाइन डोंगररांग, पीक डिस्ट्रिक्ट व नॉर्थ यॉर्क मूर्स आणि नैर्ऋत्येला डार्टमूर, एक्समूर व बॉडमिन मूर या प्रदेशांतल्या उंच माळांवर माणसांनी सोडलेली शेतघरे पडक्या स्थितीत आढळतात. मूर म्हणजे थंड, सतत वाऱ्यात असलेली, जवळजवळ वृक्षहीन जमीन. माती आम्लधर्मी, तिच्यावर पीटचा म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा ओला थर, आणि वर हेदरची झुडपे, मोलिनिया गवत व ब्रॅकन नावाचा नेचा. अशा जमिनीत ओट, बटाटे आणि चाऱ्याचे गवत पिकवून, गुरे-मेंढ्या राखून राहिलेल्या कुटुंबांची ही घरे. ती शोधणे, ओळखणे आणि जागेवरचे काहीही न हलवता त्यांची नोंद करणे यात तिथले स्थानिक इतिहासाचे अभ्यासक आणि पदभ्रमण करणारे रमतात. बरेच जण पडक्या भिंतींपाशीच थांबतात. खरी माहिती मात्र भोवतालच्या वावरांत असते, आणि घर कशामुळे रिकामे झाले हे कळल्याखेरीज उरलेल्या दगडांचा अर्थ लागत नाही.

ओस पडण्याची कारणे : मूरवर वस्ती वाढली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात. धान्य महाग होते, सार्वजनिक कुरणे संसदेच्या कायद्यांनी कुंपणाखाली येत होती, आणि माळाचा तुकडा वेढून त्यात चुना मिसळला की काही वर्षे पीक निघत असे. पेनाइनमध्ये त्याला हातमागाचा आधार होता. कुटुंब पाच-दहा एकरांवर गुरे राखी आणि माडीवर लोकरीचे किंवा सुती कापड विणी. यंत्रमागांनी विणकाम गिरण्यांत नेले, १८४६ मध्ये धान्य आयातीवरचे संरक्षक कायदे रद्द झाले, आणि १८७० च्या दशकात स्वस्त परदेशी धान्याने शेतीत दीर्घ मंदी आणली. विणकामाशिवाय इतक्या लहान जमिनीवर घर चालणे शक्य नव्हते.

यापुढचे कारण अनेकदा दुर्लक्षिले जाते, पण लँकेशर, यॉर्कशर आणि डर्बीशरमधील पुष्कळ पडक्या घरांमागे तेच आहे : शहरांचा पाणीपुरवठा. लिव्हरपूल नगरपालिकेने थॉमस हॉक्सली या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५७ पर्यंत रिव्हिंग्टन परिसरात जलाशय बांधले. हॅस्लिंग्डन ग्रेन या खोऱ्यात १८४२ ते १९१२ या काळात तीन जलाशय झाले. गॉइट खोऱ्यात स्टॉकपोर्टसाठी फर्नीली जलाशय १९३८ मध्ये आणि त्याच्या वर एर्वुड जलाशय १९६७ मध्ये पूर्ण झाला. बुडाली ती घरे थोडी. धरणाच्या कितीतरी वर, पाणी कधीही पोचणार नाही अशा ठिकाणची घरेही रिकामी झाली, कारण शेणखत आणि संडासातली घाण ओढ्यांवाटे पिण्याच्या पाण्यात उतरून विषमज्वर पसरेल अशी भीती होती. नगरपालिकांनी पाणलोटातली जमीन विकत घेतली आणि जुने भाडेकरार संपले की नवे केले नाहीत. रिव्हिंग्टनजवळच्या अँग्लेझार्क मूरवरील अवशेष किंवा व्हाइट कॉपिसहून ग्रेट हिलकडे जाताना लागणारे ड्रिंकवॉटर्स हे घर पाहताना हा हिशेब मनात ठेवावा. ‘निसर्गापुढे माणूस हरला’ हे सोपे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. ही माणसे कागदावरच्या निर्णयाने उठली.

सैन्य हे आणखी एक कारण. एक्समूरचे राजवन १८१८ मध्ये जॉन नाइट यांनी घेतले. त्यांच्या व त्यांच्या मुलाच्या काळात तिथे नवी शेते वसवली गेली. त्यांपैकी लार्कबॅरो आणि टॉम्स हिल ही शेतघरे दुसऱ्या महायुद्धात तोफखान्याच्या सरावाचे लक्ष्य बनली. डार्टमूरवर टीन नदीच्या उगमाजवळचे टीनहेड शेतही युद्धकाळात लष्करी क्षेत्रात गेले. जे तरले होते त्यांतले काही १९४७ आणि १९६२–६३ च्या कडक हिवाळ्यांनंतर उठले. वीज नव्हती, गाडीरस्ताही नव्हता. याहून फार जुने अवशेषही आहेत. डार्टमूरवरील हाउंड टॉर येथील मध्ययुगीन लाँगहाउसांच्या (माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहत अशा लांब घरांच्या) जोत्यांचे उत्खनन १९६० च्या दशकात सुरू झाले.

कारण आणि अवशेष यांचा मेळ बसतो. पाणीपुरवठ्यासाठी रिकामी केलेली घरे अनेकदा मुद्दाम पाडलेली असतात : छपराचे दगड नेलेले, भिंती गुडघ्याएवढ्या, फाटकाचे खांब मात्र शाबूत. तोफांनी उडवलेल्या घरात दगड चहूकडे फेकलेले दिसतात. आपोआप ढासळलेल्या घरात ते भिंतीच्या पायथ्याशी ढीग करून पडतात आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती सर्वांत शेवटी उभ्या राहतात.

कागदावरचा शोध : प्रत्यक्ष जाण्यापूर्वी निम्मे काम घरी होते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे लँकेशर आणि यॉर्कशरचे सहा इंची नकाशे (मैलाला सहा इंच, १:१०,५६०) १८४० आणि १८५० च्या दशकांत मोजले गेले. डार्टमूर ज्यात येते त्या डेव्हन परगण्याचे असे तपशीलवार नकाशे १८८० च्या दशकातले. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर हे नकाशे आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून विनामूल्य पाहता येतात. एकाच जागेच्या तीन-चार आवृत्त्या ओळीने पाहाव्यात. पहिल्या आवृत्तीत शेताचे नाव आणि विहीर, पुढच्या आवृत्तीत इमारतीचे छप्पर दाखवणारी छटा गेलेली, त्यानंतर फक्त ‘अवशेष’ असा शब्द, एवढ्यावरून घर कोणत्या दोन सर्वेक्षणांच्या दरम्यान पडले हे ठरते.

१८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेल्या टाइद (चर्चला द्यायचा दशांश कर) नकाशांसोबत मालक, कसणारा, वावराचे नाव, क्षेत्रफळ आणि पीक यांची यादी असते. सगळ्या गावांचे असे नकाशे झाले नाहीत. जनगणनेचे कागद १८४१ पासून दर दहा वर्षांनी माणसांची नावे देतात आणि शंभर वर्षांनी खुले होतात. १९२१ चे कागद २०२२ मध्ये खुले झाले. १९३१ चे १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ मध्ये जनगणना झालीच नाही, म्हणून या काळासाठी १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही आणि युद्धकाळातील शेती पाहणीचे अर्ज वापरावे लागतात. नेमकी याच दशकांत अनेक घरे रिकामी झाल्याने ही पोकळी जाणवते. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेची एक मीटर पृथक्करणाची लायडार चित्रे, म्हणजे विमानातून लेसर किरणांनी टिपलेले जमिनीचे उंचसखलपण, विनामूल्य मिळतात. नेच्याखाली दडलेले जोते, जुनी पायवाट आणि नांगराच्या सऱ्या त्यांत स्पष्ट उमटतात.

जमिनीवरचा शोध : योग्य काळ फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंतचा. ब्रॅकन वाळून आडवा झालेला असतो आणि तिरप्या उन्हात जमिनीचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. जुलैत तोच नेचा माणसाच्या छातीच्या वर जातो आणि भिंत चार पावलांवर असली तरी दिसत नाही. ग्रिड संदर्भ म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारे आकडे. सहा अंकी संदर्भ १०० मीटरचा चौकोन दाखवतो, आठ अंकी १० मीटरचा. पडके घर गाठायला आठ अंकी लागतो. सपाट वाटेवर तासाला ५ किमी आणि प्रत्येक १० मीटर चढाला एक मिनिट जास्त, असा हिशेब करतात. मोलिनियाच्या गुठळ्यांतून चालताना वेग सहज निम्म्यावर येतो, आणि डिसेंबरात उत्तरेकडे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो.

लांबून शेत सापडते ते रंगावरून. पिढ्यान्‌पिढ्या चुना आणि शेणखत खाल्लेली वावरे तपकिरी माळात अजूनही हिरवी दिसतात. जिथे निचऱ्याचे चर बुजले तिथे लव्हाळ्याचे पुंजके परत आलेले असतात. माळावर एकदम दोन-चार सिकॅमोरची झाडे दिसली तर ती वारा अडवायला लावलेली असतात आणि घर त्यांच्या आडोशाला असते. गूजबेरीची झुडपे, र्‍हुबार्ब आणि हिवाळ्याच्या शेवटी फुलणारे स्नोड्रॉप हे परसबागेचे अवशेष. अंगाला लागताच आग करणारे नेटल दाट वाढले असेल तर तिथे गोठा, उकिरडा किंवा संडास असण्याची शक्यता मोठी, कारण त्याला फॉस्फेट मानवते आणि फॉस्फेट मातीत शतकानुशतके टिकते.

वावरांभोवतीच्या भिंती चुन्याशिवाय रचलेल्या असतात. सह्याद्रीत आणि कोकणात अशा रचाईला गडगा म्हणतात आणि तो शब्द इथे चपखल बसतो. दोन बाजूंना दगडांचे दोन पदर, मध्ये चिपांचे भरण, ठरावीक अंतरावर दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड, माथ्यावर उभे दगड. तळाला रुंद आणि वर निमुळता असा गडगा चांगला बांधलेला असेल तर शंभर वर्षे सहज टिकतो. सरळ रेषेत जाणारे गडगे बहुधा कुंपण कायद्यांच्या काळातले; ओढ्या-खडकांप्रमाणे वळणारे त्याहून जुने. गडग्याच्या तळाशी मेंढ्यांना जाण्यापुरते चौकोनी भोक असते, सशांसाठी किंवा पाण्यासाठी त्याहून लहान.

घराचे वाचन : प्रथम हे घरच आहे ना, याची खात्री करावी. मेंढवाडा, खाणीची खोपटी आणि शिकारीचे आडोसे यांना पुष्कळ जण घर समजतात. घराला उतार खोदून केलेले सपाट जोते असते, कोपऱ्यांना घडीव दगड, सांध्यांत चुन्याचा किंवा मातीचा अंश, झिजलेला उंबरठा आणि चुलीची जागा. चूल नसेल तर घर म्हणण्याची घाई करू नये.

पेनाइनमधील नेहमीचा प्रकार लेथ-हाउस : एकाच लांब छपराखाली राहते घर आणि धान्य-गुरांचा कोठार, पण दोघांना स्वतंत्र दारे. कोठाराचे दार गाडी आत जाईल एवढे उंच. गोठ्यात दोन गुरांमध्ये उभ्या दगडी फरशीचा आडोसा आणि जमिनीत शेणमुताची नाली. वरच्या मजल्यावर दगडी दांड्यांनी विभागलेल्या खिडक्यांची सलग ओळ असेल तर तिथे मागासाठी उजेड हवा होता. डार्टमूरच्या लाँगहाउसमध्ये माणसे आणि गुरे एकाच दाराने येत. माणसे चढाकडे, गुरे उताराकडे, म्हणजे घाण खाली वाहून जाई.

दोन भिंती भेटतात तिथे दगड एकमेकांत गुंतलेले नसून उभी सरळ भेग असेल तर एक भाग नंतर जोडलेला आहे. तुळयांच्या खोबणींवरून माडीची उंची मिळते. दारावरच्या आडव्या दगडावर साल आणि त्रिकोणात तीन अक्षरे कोरलेली असतात : वर आडनाव, खाली डावीकडे नवरा, उजवीकडे बायको. हा दगड जुन्या घरातून काढून नव्यात बसवलेलाही असू शकतो, म्हणून केवळ त्यावरून वय ठरवू नये. पाणी कुठून येई हेही पाहावे. घराच्या वरच्या अंगाला झरा, तिथून दगडी पाट आणि दाराजवळ एकाच दगडात कोरलेली डोण असा क्रम सापडला की शेताची मांडणी उलगडते.

पडझड : सुरुवात छपरापासून. दगडी पाट्या मौल्यवान असल्याने त्या आधी चोरीस जातात किंवा विकल्या जातात, मग वासे कुजतात. भिंतीचा माथा उघडा पडला की पाऊस दोन पदरांच्या मधल्या भरणात शिरतो, चुना-माती धुऊन नेतो, हिवाळ्यात गोठून फुगतो. काही वर्षांत भिंतीला पोट येते. पोट आलेली भिंत कधी पडेल सांगता येत नाही, म्हणून तिच्या उंचीच्या दीडपट तरी अंतर ठेवावे आणि एकट्या उभ्या धुराड्याखाली व भेगाळलेल्या आडव्या दगडाखालून कधीही जाऊ नये. माथ्यावर सिमेंट थापण्याचा उपाय फारसा चांगला नाही, कारण त्याखाली ओल अडकते. यॉर्कशरमधील हॉवर्थजवळचे सुमारे ४२० मीटर उंचीवरील टॉप विथिन्स हे अशा अवशेषांतले सर्वाधिक भेट दिले जाणारे. एमिली ब्राँटे यांच्या ‘वुदरिंग हाइट्स’ या गाजलेल्या कादंबरीशी त्याचे नाव जोडले जाते. पण मूळ घर त्या कादंबरीतल्या घरासारखे नव्हते, असे ब्राँटे सोसायटीने तिथे १९६४ मध्ये लावलेल्या फलकावर स्पष्ट लिहिले आहे.

प्रवेश आणि धोके : २००० च्या ग्रामीण प्रवेश कायद्याने नकाशावर दाखवलेल्या मूर आणि सार्वजनिक कुरणांवर पायी फिरण्याचा हक्क मिळाला. इमारती आणि त्यांचे आवार त्यातून वगळलेले आहे. त्यामुळे अवशेष बाहेरून पाहावा. भिंतींच्या आत जायचे तर जमीनमालकाला विचारावे. १ मार्च ते ३१ जुलै या काळात खुल्या क्षेत्रात कुत्रा २ मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीला बांधावा लागतो, कारण पक्षी जमिनीवर अंडी घालतात. धातुशोधक यंत्र या हक्कात बसत नाही, आणि संरक्षित स्मारकावर ते विनापरवाना वापरणे हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. दगड, फरशी किंवा बाटली घरी नेणे ही चोरीच. कोठारात कोठीघुबड किंवा वटवाघळे असतील तर त्यांच्या घरट्याला, निवाऱ्याला त्रास देणे कायद्याने मना आहे.

डार्टमूरच्या लष्करी सराव क्षेत्रात लाल निशाण किंवा रात्री लाल दिवा असेल तर आत जाऊ नये, आणि कुठेही सापडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावू नये. विहिरींवरची कुजलेली फळी, खाणींचे उघडे तोंड, जुन्या पत्र्यांतले ॲस्बेस्टॉस आणि मेंढ्यांना औषधी पाण्यात बुडवण्याचे हौद, ज्यांच्या मातीत आर्सेनिक असू शकते, हे कमी बोलले जाणारे धोके आहेत. नेच्यातून चालल्यावर अंगावर गोचीड शोधावी, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. पुढच्या आठवड्यांत लाल कडे उमटले तर गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगासाठी लगेच डॉक्टर गाठावा. मदत लागल्यास ९९९ वर आधी पोलीस आणि मग पर्वत बचाव पथक मागावे. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

नोंद : एक मीटरची पट्टी ठेवून प्रत्येक भिंतीचे समोरून छायाचित्र घ्यावे आणि दिशा लिहावी. खोल्यांच्या दोन बाजूंबरोबर कर्णही मोजावा. पडक्या घराचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात, आणि कर्णाशिवाय घरी काढलेला आराखडा जुळत नाही. १:१०० प्रमाण पुरते. मोजता न आलेली बाजू तुटक रेषेने दाखवावी. पूर्ण झालेली नोंद ग्रिड संदर्भासह त्या परगण्याच्या ऐतिहासिक पर्यावरण नोंदणी कार्यालयाला पाठवता येते. एकोणिसाव्या शतकातली साधी शेतघरे त्या यादीत अनेकदा नसतात.