आंधळी खिडकी आणि मधली भिंत

लंडनमध्ये जुन्या घराची बुजवलेली खिडकी दिसली की गाइड हमखास सांगतो, "ही खिडक्यांवरच्या कराची करामत!" इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्या मोजून कर घेत, हे खरं. तो चुकवायला लोक खिडक्या बुजवत, हेही खरं. पण सगळ्याच बंद खिडक्या करापायी बुजलेल्या नाहीत. कित्येक तर मुळातच आंधळ्या, म्हणजे नुसत्या दिखाव्याच्या, बांधल्या होत्या.

व्हिक्टोरिया राणी १८३७ मध्ये गादीवर आली, त्या काळात सेंट जॉन्स वुड, बेजवॉटर अशा भागांत जोडबंगले उभे राहत होते. मध्यमवर्गाला मोठ्या बंगल्याचा रुबाब हवा होता, खर्च मात्र निम्माच परवडत होता. मग दोन घरं एका भिंतीला चिकटवायची आणि ती एकच घर वाटतील अशी सजवायची. दारं दोन टोकांना, वर वेल्सच्या पाटीच्या दगडाचं छप्पर, विटांवर गिलावा, आणि त्या गिलाव्यावर रेघा ओढून चिऱ्यांचा भास. बागतज्ज्ञ जॉन क्लॉडियस लाउडन यांनी पोर्चेस्टर टेरेस या रस्त्यावर १८२० च्या दशकात बांधलेल्या जोडबंगल्यात तर दर्शनी भागाच्या मधोमध काचेचा घुमट आहे. एका अर्ध्या भागात ते स्वतः १८४३ मध्ये वारेपर्यंत राहिले.

अडचण येते ती या मधोमधच. एकसंध घराला मध्यभागी खिडकी शोभते, पण इथे नेमकी तिच्या मागे सामाईक भिंत येऊन टेकते. मग चौकट करायची, आत वीट भरायची, कधी काळा रंग देऊन त्यावर काचा धरणाऱ्या पट्ट्याही रंगवायच्या.

ही सामाईक भिंत मला फार आवडते, कारण अनेक जोडबंगल्यांत दोन्ही घरांच्या शेकोट्या तिच्यात पाठीला पाठ लावून असतात. धुराडं धूर ओढतं असं आपण म्हणतो. खरं तर बाहेरची थंड, जड हवा आतल्या गरम, हलक्या हवेला खालून वर ढकलते. ढकलणारा दाब म्हणजे धुराड्याची उंची, गुरुत्वीय त्वरण आणि आतल्या-बाहेरच्या हवेच्या घनतेतला फरक यांचा गुणाकार. उंची १० मीटर धरू. बाहेर ५ अंश सेल्सिअस असेल तर हवेची घनता घनमीटरला १.२७ किलो. धुराड्यात सरासरी १०० अंश असेल तर ०.९५ किलो. दाब येतो सुमारे ३१ पास्कल, म्हणजे पाण्याच्या जेमतेम ३ मिलिमीटर स्तंभाइतका! आता हेच धुराडं बाहेरच्या भिंतीत घाला. वीट थंडीवाऱ्यात उघडी पडते, धूर निवतो. सरासरी तापमान ५० अंशांवर आलं तर दाब १८ पास्कलच्या आसपास उरतो, आणि धूर खोलीत परतायची भीती वाढते. मधल्या भिंतीतलं धुराडं मात्र दोन्ही बाजूंनी उबदार राहतं. शेजाऱ्याच्या शेकोटीची ऊबही आपल्या धुराड्याच्या कामी येते.

रात्री अशा घरांत घुमणारा आवाज भुताचा म्हणून सांगतात. तोंडावरून वारा गेला की बाटली घुमते, तसंच धुराडंही घुमतं. तिथे भूत आणायची गरज नाही.

साधारणपणे प्रत्येक शेकोटीची धूरनळी स्वतंत्र, शेजारच्या नळीपासून विटेच्या पातळ पडद्याने वेगळी केलेली. म्हणून छपराच्या मध्यावरची मातीची नळकांडी रस्त्यावरून मोजली, की दोन्ही घरांत मिळून शेकोट्या किती होत्या याचा अंदाज येतो.