‘टेलर’चं होकायंत्र

21 जानेवारी 1854. डब्लिनच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून जेमतेम चार किलोमीटरवर असलेल्या लॅम्बे बेटाच्या खडकांवर ‘टेलर’ हे शिडाचं जहाज आदळलं. लिव्हरपूलहून मेलबर्नला निघून त्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. जहाजावर साडेसहाशेच्या आसपास माणसं होती, त्यातली निम्म्याहून अधिक बुडाली. शंभरावर बायकांपैकी वाचल्या फक्त तीन. किनारा इतका जवळ होता की काही पुरुष थेट खडकावर उड्या मारून सुटले. लांब, जड, भिजलेल्या घागऱ्यांतल्या बायकांना ते कुठून जमणार?

मग चौकश्या सुरू झाल्या. एक नव्हे, अनेक. मृतांबद्दलची कॉरोनरची, म्हणजे अपमृत्यूंची कारणं तपासणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी आयर्लंडमध्येच झाली. बोर्ड ऑफ ट्रेड या ब्रिटिश सरकारी खात्याने आपली लावली, आणि लिव्हरपूलच्या मरीन बोर्डाने वेगळी. ही मरीन बोर्डं तेव्हा नवीनच होती. 1850 च्या कायद्याने ती निघाली आणि परदेशी जाणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना परीक्षा सक्तीची झाली. त्यामुळे ‘कप्तानाचं प्रमाणपत्र राहणार की जाणार’ हा प्रश्नच मुळात नवा होता.

कॉरोनरच्या ज्यूरीने मुख्य ठपका मालकांवर ठेवला: होकायंत्रं नीट न जुळवता आणि जहाज सुकाणूला दाद देतं का याची पुरेशी चाचणी न घेता त्यांनी ते समुद्रात सोडलं. कप्तान जॉन नोबल यांना दोष मिळाला तो पुरेशी खबरदारी न घेतल्याचा. दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली मोजली असती, तर जमीन जवळ आल्याचं आधीच कळलं असतं. मरीन बोर्डाने मात्र त्यांचं प्रमाणपत्र काढून घेतलं नाही.

वर्तमानपत्रांचा राग खलाशांवर. एकाहत्तर जणांत खरे कसबी निम्मेच, काहींना इंग्रजी येत नव्हतं, त्यांत चिनी होते आणि आपल्याकडचे लास्कर, म्हणजे हिंदी खलाशीही. बरेच जण ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतातल्या सोन्याच्या ओढीने, फुकट प्रवास मिळतो म्हणून चढले असावेत, असंही बोललं गेलं. परक्या खलाशाला बोल लावणं सोपं. पण जहाजावरची दोन होकायंत्रं दोन वेगळ्या दिशा दाखवत होती, हे काही त्यांचं काम नव्हे.

खरी मेख जहाजाच्या लोखंडात होती. ‘टेलर’ इंग्लंडातल्या वॉरिंग्टनला बांधलं गेलं, ऑक्टोबर 1853 मध्ये पाण्यात उतरलं, आणि पहिल्याच सफरीत संपलं. लाकडी जहाजात होकायंत्राची सुई निमूट उत्तरेकडे बघते. लोखंडी जहाजात तिला शेजारचं लोखंडही खेचतं. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी 1838 साली ‘रेनबो’ जहाजावर प्रयोग करून उपाय काढला होता: होकायंत्राजवळ नेमके चुंबक बसवायचे आणि ती ओढ खोडून काढायची. बंदरात उभ्या जहाजावर हिशेब चोख जुळायचा.

विल्यम स्कोर्स्बी यांचा आक्षेप याच ‘उभ्या’ शब्दावर होता. हे आधी देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांचे कप्तान, मग धर्मोपदेशक! त्यांचं म्हणणं असं की बांधणीच्या वेळी हातोड्याच्या ठोक्यांनी लोखंडी तक्त्यांमध्ये चुंबकत्व भरतं, आणि लाटांच्या माराने ते पुन्हा बदलतं. म्हणजे बंदरात केलेली जुळणी समुद्रात जाऊन फसते. सप्टेंबर 1854 मध्ये लिव्हरपूलला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या अधिवेशनात त्यांनी ‘टेलर’चंच उदाहरण मांडलं. एअरींशी वाद पेटला. पुढे या प्रश्नाचा अभ्यास करायला लिव्हरपूल कंपास कमिटी बसली, आणि 1856 मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावरचे स्कोर्स्बी स्वतः ‘रॉयल चार्टर’ या लोखंडी जहाजातून ऑस्ट्रेलियाला गेले. लोखंडापासून दूर, डोलकाठीवर उंच होकायंत्र बसवा, हा त्यांचा सल्ला होता.

1857 मध्ये ते वारले. ‘रॉयल चार्टर’ 1859 च्या ऑक्टोबरात वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. त्या वेळी मात्र कारण होतं वादळ.