झॅपरने कॅन्सर बरा होत नाही

9 व्होल्टची बॅटरी, दोन तांब्याच्या नळ्या. नळ्या दोन्ही हातांत धरायच्या, 7 मिनिटं करंट, 20 मिनिटं विश्रांती, असं तीनदा. हा झाला 'झॅपर'. यानं कॅन्सर जातो, हा दावा पर्यायी उपचार करणाऱ्या हुल्डा क्लार्क यांनी 1993 च्या पुस्तकातून पसरवला आणि तो अजून फिरतोय.

त्यांच्या मते प्रत्येक कॅन्सरचं मूळ एकच: आतड्यातला एक चपटा कृमी, आणि तो करंटनं मरतो. हा कृमी खरा आहे. कच्चे शिंगाडे किंवा तशा पाणवनस्पती दातांनी सोलून खाल्ल्या की तो पोटात जातो, आणि प्राझिक्वांटेल या जंतनाशक गोळीनं त्याचा संसर्ग बरा होतो. पण ज्यांच्या पोटात हा कृमी कधी गेलाच नाही, अशा असंख्य लोकांनाही कॅन्सर होतो. मुळात कॅन्सर आपल्याच पेशींमधल्या जनुकांच्या बिघाडातून होतो. मग मारायचं कोणाला?

क्लार्क स्वतः 2009 मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं, मल्टिपल मायलोमानं, गेल्या. हे मी त्यांना हिणवायला लिहीत नाही. रुग्णाच्या घरच्यांना हे माहीत असायलाच हवं.

"पण डॉक्टरही वीज वापरतात ना?" वापरतात. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत 2011 पासून मान्यता असलेलं एक उपकरण आहे. डोकं भादरून त्यावर पट्ट्या चिकटवतात, त्या दिवसाचे 18 तास ठेवायच्या असतात. नव्यानं निदान झालेल्यांना सोबत केमोच्या गोळ्याही चालू असतात. त्यानं आयुष्य काही महिन्यांनी वाढतं, आजार मुळापासून जात नाही.

गाठ लागली असेल तर बायोप्सीची तारीख पुढे ढकलू नका.